फाटक्या अस्तराची खुर्जी

मी एक जुनी खुर्जी आहे, मित्रांनो. घोड्याच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबते ना, ती कातडी जोडपिशवी. आता माझी बक्कलं गंजली आहेत, एक कोपरा उंदरांनी कुरतडला आहे. पण म्हणून मला खुंटीवरचं लक्तर समजू नका. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या निम्म्या कोर्टांची वाट मी तुडवली आहे, भिजत आणि चिखल खात.

लेक्झिंग्टनच्या एका खोगीरवाल्याने मला बैलाच्या कातड्यातून शिवलं. एसाहेल क्रेनशॉ नावाच्या काटकुळ्या तरुण वकिलाने मला घेतलं, तेव्हा त्याच्याजवळ एक घोडी, कायद्याची दोन पुस्तकं आणि अंगावरचा सोडून एकच सदरा होता. त्या काळी कोर्ट एका जागी बसत नसे. जज आणि वकील घोड्यांवरून एकत्र गावोगाव फिरत, वाटेत कायद्यावरून भांडत आणि खानावळीत एकाच पलंगावर दाटीवाटीने झोपत. नदीला पाणी चढलं की एसाहेल मला डोक्यावर धरून घोडी पाण्यात घालायचा. स्वतः बुडाला तरी चालेल, पण कागद कोरडे राहिले पाहिजेत, असला माणूस!

एकदा एल्काना मॅब्री या शेतकऱ्याने त्याला जमिनीचं खत, म्हणजे मालकीचा कागद, करायला बोलावलं. आमच्याकडे हद्द झाडांवरून ठरते. कोपऱ्यावरच्या झाडाला कुऱ्हाडीने तीन खाचा पाडायच्या आणि तिथून मोजणी सुरू करायची. एल्कानाने झऱ्यापलीकडच्या बीच नावाच्या गुळगुळीत सालीच्या झाडावर खाचा पाडल्या. एसाहेलने ते छोट्या वहीत टिपून घेतलं. पण खानावळीत बसून पक्कं खत लिहिताना त्याचा हात सवयीने धावला. आमच्या भागातली दहातली नऊ खतं 'पांढऱ्या ओकच्या झाडापासून' सुरू होत. त्याने ओक लिहिलं. एल्कानाला वाचता येत नव्हतं; त्याने खाली फुली मारली. वही माझ्या अस्तराच्या फटीतून आत घसरली आणि सगळे तिला विसरले.

पुढे एसाहेल नावारूपाला आला. मोठमोठे खटले लढला, मग जज झाला. क्रेनशॉने लिहिलेलं खत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं लोक म्हणू लागले. मीही मिरवत होते, खोटं कशाला बोलू?

खत झाल्याला बावीस वर्षं झाली होती. माझ्या एका कप्प्यात आमच्या राज्याच्या राजधानीतून, फ्रँकफर्टहून, त्या सकाळीच आलेलं पत्र होतं. राज्याच्या सगळ्यात वरच्या कोर्टात त्याला बसवायचं घाटत होतं. त्याच सकाळी एल्कानाची विधवा, केटुरा मॅब्री, त्याच्यासमोर उभी राहिली. शेजारची जमीन नुकतीच कर्नल हार्गिसने घेतली होती आणि तिच्यावर दावा लावला होता.

"खतात ओक आहे," कर्नल म्हणाला. "ओक झऱ्याच्या अलीकडे आहे. म्हणजे झरा माझा, आणि त्याच्या काठचं घरसुद्धा माझं."

"जजसाहेब," केटुरा म्हणाली, "माझा नवरा त्या झऱ्याशीच पुरलाय. खाचा बीचवर पाडल्या होत्या. कुऱ्हाड मी हातात दिली होती. मग काय माझे डोळे फुटले होते?"

"बाई, जजसाहेबांच्या अक्षरापुढे तुमच्या डोळ्यांचं काय घेऊन बसलात?" कर्नल हसून म्हणाला.

जजच्या कपाळावर घाम आला होता. रुमालासाठी त्याने माझ्यात हात घातला आणि त्याची बोटं अस्तराखालच्या उंचवट्यावर थांबली. माझा जीव टांगणीला लागला. त्याने फटीतून वही ओढली, एक पान वाचलं आणि ती पुन्हा माझ्यात टाकली. मग म्हणाला, "जेवणानंतर पुढे चालू करू."

मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू! जेवणाच्या वेळेत त्याने घासभरही खाल्लं नाही. मला मांडीवर घेऊन बसला. एकदा पत्र वाचलं, एकदा वही वाचली. पुन्हा पत्र वाचलं.

परत आला तो खुर्चीवर बसलाच नाही. त्याच्या शेजारी दोन सहायक जज बसत, दोघेही शेतकरीच. त्यांतल्या म्हाताऱ्या जुबल टॉडला तो म्हणाला, "जुबल, आता खटला तू चालव. मला साक्ष द्यायची आहे. खत मी चुकीचं लिहिलं."

"एसाहेल, मला कायद्यातलं काय कळतंय?"

"झाडातलं कळतं ना? तेवढं पुरे."

कर्नल उसळलाच. "वही काय, कालही लिहिता येते! खाचा दाखवा."

सगळं कोर्ट घोड्यांवर बसून झऱ्यावर गेलं. बीचच्या खाचांवर साल वाढून पार मिटली होती, वर नुसता एक वळ दिसत होता. आत खाच नसती किंवा वर्षं जुळली नसती, तर केटुराचं घर गेलं असतं आणि आमचा जज खोटारडा ठरला असता. जुबलने बुंध्यातून एक ठोकळा तोडून काढला आणि उभा फोडला. आत तीन काळ्या, जुन्या खाचा होत्या. खाचेपासून सालीपर्यंत जितकी वलयं, तितकी वर्षं. तो सुरीच्या टोकाने मोजू लागला. एकोणिसावर थांबला. अंगठ्याला थुंकी लावून लाकूड पुसलं, डोळे बारीक केले.

"वीस, एकवीस, बावीस," जुबल म्हणाला. "जमीन बाईंची."

केटुरा झऱ्यावर गेली, भोपळ्याच्या तुंब्यात पाणी भरून आणलं आणि आधी एसाहेलपुढे धरलं.

"प्या, वकीलसाहेब," ती म्हणाली. बावीस वर्षांपूर्वी ती त्याला हीच हाक मारायची.

त्याच दिवशी त्याने आपली चूक फ्रँकफर्टला स्वतःच लिहून कळवली. ती जागा दुसऱ्याला मिळाली. आम्ही दोघं पुढे अकरा वर्षं त्याच चिखलातून हिंडलो. एका खोगीरवाल्याने माझं अस्तर फुकट शिवून देतो म्हटलं, तेव्हा जज त्याच्यावर खेकसला, "हात लावू नकोस." वही त्याने परत तिथेच ठेवली होती. कुठलाही निकाल वाचण्याआधी तो त्या फटीत बोट घालून बघायचा.

तो गेल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे मला मॅब्रींच्या घरी पोचवलं. मित्रांनो, सवड झाली तर मला थोडं तेल चोळा, बक्कलं घासा, त्या उंदरांचंही काहीतरी बघा. फक्त अस्तराची फट शिवू नका. वही अजून आत आहे.