आफ्रीनची मॅडम

खरं सांगते, मला आफ्रीनचा लई राग येत होता. तिनं माझं काही बिघडवलं असतं तर निदान चार लोकांत बोलून तरी दाखवता आलं असतं.

हे हॅकेथॉन बीडला आणलं कुणी? मी. संगीता जगताप, संख्याशास्त्र विभाग. विभाग म्हणजे तरी काय, मी आणि एक कुरकुरणारा पंखा. दोन दिवस पोरापोरींनी मिळून पावसाच्या आकडेवारीवर काम करायचं, स्पर्धा न्हाई, बक्षीस न्हाई, असं पुण्याच्या डॉ. कुलथ्यांनी ठरवलं होतं. पण शेवटी ते एक नाव जाहीर करणार होते. जिल्ह्याच्या पाऊस प्रकल्पाचं प्रमुख कोण, ते. त्यासाठी मी वर्षभर प्राचार्यांच्या केबिनबाहेर चपला झिजवल्यात. सगळी नोकरी पोरांना सरासरी काढायला शिकवण्यात गेली, एकदा तरी आपल्या नावानं काहीतरी व्हावं, एवढंच हाय माझं.

आफ्रीन म्हणजे बसस्टँडसमोर फळांचा गाडा लावणाऱ्या रहीमभाईंची मुलगी, माझीच जुनी विद्यार्थिनी. पुण्यात शिकली, तिथंच नोकरीला लागली. रहीमभाईंचं एक अंग लुळं पडलं, तशी नोकरी सोडून आली. पहिल्या दिवशी सकाळीच मला म्हणाली, "मॅडम, प्रकल्प तुम्हाला मिळाला तर मला घ्या ना सोबत. इथंच काम असलं तर अब्बांजवळ राहता येईल." मी म्हटलं, "घेऊ की." आणि मनापासून म्हटलं. तवा पोटात दुखायला लागलं नव्हतं.

ते लागलं दुपारच्या आत. सगळ्या टेबलांवर सरासरीची गणितं चालली होती, माझ्याही. आफ्रीन माझ्या मागं येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, या हिशोबानं बीडला रोज थोडा थोडा पाऊस पडतोय." पोरं खदखदली. कुलथेही हसले. मीही हसले, दात दाखवायला काय जातं.

मग तिनं तिचं सांगितलं. आधी एकच विचारायचं, आज पाऊस पडणार का? हो आलं तरच पुढं विचारायचं, किती? दोन प्रश्न वेगळे, दोन्हींचं गणित वेगळं. झालं, सगळा हॉल तिच्याभोवती. सायली काय, रविराज काय, ज्यांना मी घरून बोलावून आणलं ती पोरं "आफ्रीनताई, हे बघ ना" करत तिच्यामागं. कुलथ्यांनी तर खुर्ची ओढून तिच्याशेजारीच बैठक मारली. मला म्हणाले, "मॅडम, चहाचं तेवढं बघता का?" अंगाची नुसती लाही झाली माझ्या. चहाचं बघितलं मी.

दुसरा दिवस मी तिच्या पाठीमागं उभं राहूनच काढला. काहून हिलाच सुचतं सगळं? पुस्तकं तीच, कॉलेज तेच. तिच्या स्क्रीनवर चुकीची लाल अक्षरं उमटली की बरं वाटायचं मला. ती ओठ चावायची, दोन ओळी बदलायची, आणि गाडी पुन्हा रुळावर. त्यात मध्येच वळून, "मॅडम, तुम्ही जेवलात का?"

संध्याकाळी समारोप झाला. आपल्याकडं माइक हातात आला की गुरूला श्रेय द्यायचं असतं. ते खरं की खोटं, कुणी बघत न्हाई. आफ्रीननं रीत पाळली. म्हणाली, "ही दोन प्रश्नांची पद्धत मला संगीता मॅडमनी शिकवली." मी? मी ती कालच हिच्या तोंडून ऐकलेली. टाळ्या पडल्या, मला स्टेजवर बोलावून शाल घातली. इथवर ठीक होतं, पण कुलथे पडले बाहेरचे. त्यांना ते खरंच वाटलं.

"मग मॅडम, तुम्हीच सांगा," त्यांनी माइक माझ्याकडं दिला, "पावसानं मोठा खंड दिला, तर ते तुमच्या पद्धतीत कसं धरता?"

मी माइक या हातातून त्या हातात घेतला. समोर पहिल्या रांगेत आफ्रीन. तोंडी परीक्षेत पोरं एकमेकांना सांगतात ना, तसे तिचे ओठ हलले. शेवटचा पाऊस. किती दिवस झाले. पहिल्या प्रश्नात घाला.

"शेवटच्या पावसाला किती दिवस झाले," मी म्हणाले, "तो आकडा पहिल्या प्रश्नात घालायचा."

"वा," कुलथे म्हणाले, आणि तिथंच माझं नाव जाहीर केलं. सगळ्यांत जोरात टाळ्या आफ्रीनच्या होत्या. मला हवं ते मिळालं होतं, आणि तरी मला तिचा आणखीच राग आला.

खाली चहाला उभे होतो. माझी पर्स आणि गुच्छ आफ्रीनच्या हातात. कुलथे म्हणाले, "मदतीला ही आफ्रीनच घ्या ना, तुमच्याच हाताखाली तयार झालीय." तिनं माझ्याकडं बघितलं. नुसतं हो म्हणायचं होतं मला. पण माझ्या डोळ्यांपुढं आलं की आता रोज कुणीतरी काहीतरी विचारणार आणि रोज मी हिच्या ओठांकडं बघणार.

"ती पुण्याचीच झाली आता," मी म्हणाले. "इथं रमायची न्हाई. दुसरं कुणीतरी बघू."

कुलथ्यांनी मान डोलावली. विद्यार्थिनीला मॅडमपेक्षा जास्त कोण ओळखणार?

आफ्रीननं पर्स माझ्या हातात दिली, गुच्छ टेबलावर ठेवला.

"येते मॅडम," ती म्हणाली, "अब्बा वाट बघत असतील. आज सकाळीच सांगून आले होते त्यांना, मॅडमनी शब्द दिलाय म्हणून."