एकशे एकची लाईन

अच्युत सरांनी केबिनचं दार लोटलं, पुन्हा उघडून बाहेर कोणी आहे का ते पाहिलं आणि परत लोटलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं, की हे काम राउटरचं नाही.

"बैस विनीता. चाय घेशील? नाही? चलो, सीधी बात करतो." त्यांनी एक कागद माझ्याकडे सरकवला. "सोमवारी ही लिस्ट तूच काढून दिली होती ना? आता पाहा. रोज दहा वीस, दहा पंचवीस. एकशे एकवरून पनागरचा एकच नंबर. चौदा दिवस झाले."

एकशे एक म्हणजे हेमलतादीदींचा नंबर. दीदी या कंपनीच्या टेलिफोन ऑपरेटर, बावीस वर्षांपासूनच्या. तीन आठवड्यांपूर्वी मीच त्यांच्या टेबलामागचा जुना एक्स्चेंजचा डबा काढला होता आणि भिंतीवर नवा राउटर बसवला होता. इंटरनेटही त्यातूनच, टेलिफोनही त्यातूनच.

कंपनी मटाराची. जबलपूरजवळ पनागर रोडवर मोठं कोल्ड स्टोरेज, मालक नागपूरचे, इथले मॅनेजर अच्युत सर. हिवाळ्यात शेतकरी ट्रॅक्टरवर मटार घेऊन येतात. रोज दहाला नागपूरहून त्या दिवसाचा भाव फॅक्सवर येतो, वजनाच्या पावत्यांसाठी काटाघरात कळवला जातो आणि अकराला तो फाटकाच्या फळ्यावर लिहिला जातो. त्या मधल्या तासात भाव बाहेर फुटायला लागला होता. पनागरच्या नाक्यावर एक आडत्या शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर अडवायचा, "आज भाव पडलाय" म्हणून त्यांचा माल मातीच्या मोलानं उचलायचा आणि दुपारी तोच माल आमच्या काट्यावर पूर्ण भावानं घालायचा. रात्रभर दवात उभं राहून शेंगा तोडलेली माणसं रिकाम्या ट्रॉलीत बसून घरी जायची.

अच्युत सरांनी नऊ ते अकरा सगळ्यांचे मोबाईल फाटकावर जमा करायला लावले. तरी भाव फुटतच होता.

"बाहेर फोन लावायची मुभा दोनच नंबरांना, तूच बांधलं आहेस तसं. एक माझा, एक तिचा," ते म्हणाले. "मी तर नाही लावला. नागपूरला शनिवारपर्यंत नाव द्यायचं आहे. ते तुझं नवीन सॉफ्टवेअर... चालू फोनवर गुपचूप कान ठेवता येतो म्हणाली होतीस ना?"

म्हणाले होते. मशीन दाखवताना उत्साहात बारा सोयी मोजून दाखवल्या होत्या, त्यातली ती एक.

"सर, त्याला नागपूरच्या परवानगीचं पत्र लागेल."

"पत्र येऊन जाईल. तू लाव."

मला मिळणारं आणखी तीन गोदामांचं काम त्यांच्याच सहीवर अडलं होतं. मी लावलं. चार ओळी लिहायला चार मिनिटंही लागली नाहीत. एवढ्या वेळात साधी वात वळून होत नाही.

दीदींच्या टेबलासमोर काचेची एक खोली आहे, राउटर तिथे. कान लावून बसायला ती जागा सोयीची. मी आत जाताना त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काहून गं विनू, आज पुन्हा? बिमार पडलं का तुझं यंत्र?"

"नाही दीदी, अशीच तपासणी."

"तपास बाई. मला तर त्याचा भरवसाच नाही येऊन राहिला. जुन्या डब्यात लाईन जोडली की खट् वाजायचं. समजायचं, की जुळलं. याच्यात काही वाजतच नाही. कोण आलं, कोण गेलं, पत्ता नाही."

मी हसले. हसणं ओठांपाशीच राहिलं.

अचलपूरकडून लग्न होऊन जबलपूरला आलेल्या दीदी अजून घरच्यासारखंच बोलतात. इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या आमच्या घरी मराठी आता फक्त आई-बाबांच्या भांडणात उरली आहे. म्हणून मला त्यांच्याशी बोलायला आवडायचं. नव्या यंत्रातली एकच गोष्ट त्यांना पसंत पडली होती: आपला नंबर आणि चार आकड्यांची खूण टाकली की समोरचा कोणताही फोन आपला होतो. "म्हणजे मी जाईन तिथे एकशे एक माझ्या मागून चालणार? बछड्यावानी?" असं म्हणून त्या दोन दिवस हसत होत्या.

चैत्रात त्या निवृत्त होणार होत्या. हार, शाल, फोटो सगळं ठरलं होतं. सुनेनं शालीचा रंगही सांगून ठेवला होता. आता शनिवारी नाव गेलं, तर शाल कुठली! पनागरपासून शहरापर्यंत प्रत्येक ट्रॅक्टरवाला म्हणणार, आमच्या पोटावर पाय देणारी ती, टेलिफोनवाली बाई.

पण कान लावायचं ठरलं की डोळेही बदलतात. गुरुवारी मी काचेतून पाहत बसले आणि मला त्यांचं सगळंच वाकडं दिसायला लागलं. फॅक्स आला की त्या कागद उलटा करून ठेवतात. कशाला? फोनवर बोलताना पदर तोंडाशी नेतात. कशाला? पावणेदहाला काटाघरातले पुंडलिकभैया आले. ट्रॅक्टर वजन करायचं काम त्यांचं. त्यांनी दीदींच्या टेबलाखाली मटाराची एक पिशवी सरकवली आणि इकडे-तिकडे पाहून निघून गेले. दीदींनी ती पायानं आत ढकलली.

झालं, मी मनाशी म्हटलं. पिशवीसुद्धा पोचते.

दीदी टेबलावर परात घेऊन शेंगा सोलायला लागल्या. अंगठ्यानं शिवण उसवायची, दाणे टपटप. हलकेच गुणगुणत होत्या. काचेचं दार अर्धं उघडं होतं, त्यामुळे ऐकू येत होतं.

*तार गं बोलकी, तार पोटात ठेवते,*
*माहेरचं दुखणं सासरला न सांगते.*

किती वर्षं बोर्डावर बसून त्यांनी ही ओवी जुळवली असेल कोण जाणे. त्या दिवशी मला तीही कबुलीच वाटली.

दहा वाजून एकवीस मिनिटांनी माझ्या पडद्यावर एकशे एक हिरवा झाला. मी हेडफोन घट्ट धरला.

"भैया, आज पौने बारह खुला है," एक पुरुषी, घाईचा आवाज म्हणाला. "दस में उठा लो। जल्दी।"

किलोला पावणेबारा, आजचा भाव. आणि आवाज पुरुषी. मी वर पाहिलं.

काचेपलीकडे दीदी शेंगा सोलत होत्या. दोन्ही हात परातीत, रिसीव्हर जागेवर, ओठांवर तीच ओवी. आणि माझ्या कानात एकशे एक बोलत होता.

"कितनी गाड़ी रुकी?" आवाजानं विचारलं. पलीकडून कोणी म्हणालं, सात. फोन ठेवला गेला. पडद्यावरचा हिरवा ठिपका विझला. दीदींनी एक कोवळा दाणा तोंडात टाकला.

मी यादी पुन्हा काढली, या वेळी अख्खी. सोमवारी कागदावर मावावं म्हणून मी एक रकाना गाळला होता: फोन कोणत्या सेटवरून लावला, तो. मला तो अडगळ वाटला होता. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत त्या रकान्यात एकच सेट होता. काटाघर.

नंबर दीदींचा. हात दुसऱ्याचा.

मी बाहेर येऊन त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसले. "दीदी, तुमचा नंबर अजून कुठे टाकला आहे तुम्ही?"

त्यांचा अंगठा शेंगेवर थांबला. "काहून?"

"सांगा ना."

"चार जागी आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "तू सगळ्यांच्या बाहेरच्या लाईना बंद करून टाकल्या. लोक माझ्याच टेबलाशी येतात, दीदी लाईन द्या. बावीस वर्षं झाली, मी देऊन राहिली. शेडमधल्या इंदिराची पोरगी कुंडमला हॉस्टेलात, तिला ताप. गेटवरच्या गणपतला गावी विचारायचं असते, म्हातारी जेवली का. कोणाची बायको दवाखान्यात. मी काय म्हणू? नाही? जाऊन आपला नंबर टाकून देते. बोलून झालं की काढून घेते."

"नेहमी काढता?"

खाली पिशवीकडे त्यांची नजर गेली आणि तिथेच राहिली. त्यांना समजलं, हे मला दिसलं. माणसाच्या चेहऱ्यावरून एवढ्या लवकर ऊन उतरताना मी पाहिलं नव्हतं.

"'राहू द्या दीदी, रोज काहून चक्कर मारता,' म्हणाला तो," त्या पुटपुटल्या. मग एकदम सावध झाल्या. "तुला कसं माहीत, काय बोलणं झालं ते? लिस्टमध्ये तर नुसते आकडे असतात."

माझा हात गळ्यातल्या हेडफोनकडे गेला.

"तू ऐकलंस?"

"सरांनी सांगितलं होतं, दीदी. आणि बरंच झालं ना, त्याच्यामुळे तर..."

"लाईनवर बसून ऐकलंस. माझ्या." परात त्यांनी बाजूला सारली. "बावीस वर्षांत माझ्या कानाशी किती घरं रडली, पोरी. मी एकाही लाईनवर थांबली नाही. जुळली की कान काढायचा. तेवढंच येते मला."

त्याच वेळी केबिनची घंटी वाजली. अच्युत सरांनी आम्हां दोघींना आत बोलावलं. शनिवारची वाट पाहायची त्यांची तयारी नव्हती. टेबलावर कोरा कागद आणि पेन मांडून ठेवलं होतं.

"हेमलताबाई, मला तमाशा नको. स्वतःहून राजीनामा लिहा, नागपूरला मी सांभाळून घेईन."

"काय केलं मी?"

"आजही लागला फोन, माझ्या पडद्यावर पाहिला. एकशे एकवरून, पनागरला. आता म्हणा, तुम्ही नाही लावला."

"मी नाही लावला."

"मग कोणी?"

"लाईन मी दिली. ती चूक माझी, ती लिहून देते. पण दिलेल्या लाईनवर कोण काय बोललं, ते ऑपरेटर सांगत नसते, साहेब."

"वा! शेतकरी मरून राहिले आणि तुम्ही इमान सांभाळा."

तो घाव बरोबर बसला. दीदींचे ओठ हलले. क्षणभर वाटलं, नाव येईल. पण त्यांनी पेन उचललं आणि कागदाच्या डोक्यावर तारीख घातली. अक्षर सरळ होतं.

मी दुसरी यादी त्या कागदावर ठेवली.

"सर, सोमवारच्या यादीत मी एक रकाना गाळला होता. चूक माझी. फोन काटाघरातून गेले आहेत. आणि आज बोलणारा पुरुष होता. मी ऐकलं, तेव्हा दीदी माझ्यासमोर शेंगा सोलत होत्या." मग उरलेलंही बोलून टाकलं. "पत्राशिवाय ऐकलं, तेही नागपूरला कळवा. मी ती सोय आत्ता काढून टाकते."

सरांनी रकान्यावरून बोट खाली आणलं. प्रत्येक ओळीत काटाघर. ते माझ्याकडे बघेनात, दीदींकडेही बघेनात. शेवटी त्यांनी तारखेचा कागद उचलून ड्रॉवरमध्ये टाकला, फाडला नाही, आणि पुंडलिकभैयांना बोलावणं धाडलं.

पुंडलिकभैया आले, यादी पाहिली आणि म्हणाले, "एकशे एक तर दीदींचा आहे." त्यांचा आवाज ऐकताच मी ओळखला. "तो आडत्या माझा साळा आहे, मला फसवून राहिले," हे त्यांनी नंतर, न विचारता सांगितलं. दीदी तोवर बाहेर गेल्या होत्या.

मी काचेतून पाहिलं. त्या एकेका टेबलाशी जात होत्या. शेडमधल्या इंदिराच्या फोनवरून नंबर काढला, गेटवरच्या गणपतच्या फोनवरून काढला. गणपत म्हणाला, "दीदी, मी काय केलं?" त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण नंबर काढलाच. हिशोब विभागातला काढला. सगळ्यांत शेवटी काटाघर. संध्याकाळी अंगणात वाळत घातलेलं एकेक वस्त्र गोळा करून बाई आत येते, तशा त्या आपल्या टेबलाशी परत आल्या. मटाराची परात उचलून फाटकाबाहेर गाईपुढे ओतली.

माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्या दिवशी मी ऐकायची सोय मुळापासून काढली. दोनदा तपासली. नागपूरहून मला एक कडक पत्र आलं आणि तीन गोदामांचं काम दुसऱ्या कोणाला गेलं. दीदींची शाल शाबूत राहिली.

फाल्गुनात काही कामानं मी तिथे फोन लावला. पहिल्याच घंटीला त्यांचा आवाज आला, पूर्वीसारखाच, ओल्या मातीवर हात फिरावा तसा.

"नमस्कार. कोणाशी बोलायचं आहे?"

"दीदी, मी विनू."

पलीकडे शांतता पसरली. फोन कटला नव्हता, त्यांचा श्वास येत होता. त्या काहीतरी ऐकत होत्या. मला नाही, माझ्या पलीकडचं काहीतरी.

"लाईनवर आपण दोघीच आहोत ना गं?" त्यांनी विचारलं.

"दोघीच, दीदी. शपथ. मी ते काढून टाकलं."

"हो. तू काढलं असशील."

आणि त्या पुन्हा ऐकत राहिल्या. त्या यंत्रात खट् वाजत नाही. मीही रिसीव्हर कानाशी धरून, त्यांच्यासोबत, त्याच शांततेकडे कान लावून थांबले.