दात गेलेली कानस

मित्रांनो, मी कानस. आता जुनी झाले आहे आणि भिंतीवरच्या खिळ्याला दोरीने लटकून असते. इतर कानशींसारखं लोखंड घासून घासून त्याला आकार देण्याचं काम मला कुणी दिलं नाही. माझं काम निराळं होतं. लोखंड किती कठीण आहे, ते ओरखडा काढून सांगायचं.

आधी मी पोलादाची साधी पट्टी होते. छिन्नीचे घाव घालून माझ्या अंगावर दात उठवले, मग लाल होईपर्यंत तापवून, चटकन पाण्यात बुडवून मला कठीण केलं; यालाच ‘पाणी देणं’ म्हणतात. तिथून मी एका छोट्या कारखान्यात आले. इथे दातेरी चाकं, खटके, लहानमोठे तुकडे भट्टीत तापवून तेलात बुडवतात. तेलात बुडवलं तरी म्हणायचं मात्र ‘पाणी दिलं’.

थंड झालेल्या प्रत्येक तुकड्याच्या कडेवर मिस्त्री मला हलक्या हाताने ओढायचे. मी घसरले तर तुकडा कठीण. मी चावले आणि चकचकीत ओरखडा उठला तर तो मऊ, परत भट्टीत. कुणी वाद घातला की मिस्त्री म्हणायचे, “मला काय विचारता? हिला विचारा.” मला तेव्हा फार बरं वाटायचं.

माझ्यासोबत मऊ लोखंडाचा एक चौकोनी तुकडा आला होता. कामाआधी मला रोज त्याच्यावर ओढायचं. मी चावले, तर माझे दात शाबूत. पुढे चहाचं टेबल डुगडुगायला लागलं, तेव्हा कुणीतरी तो तुकडा टेबलाच्या पायाखाली सरकवला. टेबल हलायचं थांबलं. तुकडा तिथेच राहिला, आणि माझी रोजची परीक्षा बंद झाली.

कठीण पोलादावरून घसरता घसरता माझे दात झिजले. दात गेलेली कानस मऊ लोखंडावरूनही घसरते. मला ते कळत होतं, पण सांगणार कशी? भट्टीत परत जाणारे तुकडे कमी होत गेले, आणि सगळे मिस्त्रींच्या हाताची तारीफ करू लागले.

मिस्त्रींची थोरली बहीण तिथेच कामाला होती. सगळे तिला अक्का म्हणत. तुकड्यांची टोपली चेनपुलीने वर टांगली, की खालच्या तेलाच्या टाकीतला गाळ काढायचं काम तिचं. एकदा ती म्हणाली, “अरे, ही कानस म्हातारी झाली आता. माझ्यासारखी.”

“तू कुठली म्हातारी? तू अजून चावतेस की.”

“चावणारच. सरळ सांगून तू कधी ऐकलंयस?”

दोघं हसली. मला वाटलं, आता तरी बघतील. मिस्त्रींनी मला मायेने पुसलं आणि खिळ्यावर लटकवलं.

मग चेनपुलीचा खटका झिजला. खटका म्हणजे चाकाच्या दातात अडकून टोपलीचं ओझं पेलणारा लहानसा तुकडा. मिस्त्रींनी नवा तिथेच घडवला. त्या दिवशी भट्टीचं दार नीट लागत नव्हतं, आच कमी पडली आणि खटका मऊ राहिला. मला त्याच्या कडेवर ओढलं. एक तरी दात रुतावा म्हणून मी जिवाचा आटापिटा केला. पण घसरले.

“दगड झालाय,” मिस्त्री म्हणाले.

“नक्की ना? खाली मी असते.”

“तुझ्यासाठी दोनदा बघतो.” त्यांनी मला पुन्हा ओढलं. मी पुन्हा घसरले.

रोज त्या खटक्याचं टोक थोडं थोडं चेपत गेलं. मी समोरच्या भिंतीवरून बघत होते. एका दुपारी तो सुटला आणि भरली टोपली खाली आली. अक्काचा उजवा हात टाकीच्या काठावर होता.

हाड सांधलं, पण मूठ काही पुन्हा वळली नाही. मिस्त्रींनी शेजारून नवी कानस आणून त्या खटक्यावर ओढली. एका ओढीत खोल ओरखडा उठला. मग मला हातात घेऊन माझ्या अंगावरून त्यांनी अंगठा फिरवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

अक्का कामावर परतली तेव्हा मिस्त्री तिच्याकडे बघेनात. ती म्हणाली, “मान वर कर. उद्यापासून कानस आधी माझ्यापुढे मऊ लोखंडावर ओढायची, मग काम सुरू.”

मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया करा, तिला पुसा, जपा. पण जिच्या भरवशावर कुणाचा हात, कुणाचा जीव ठेवता, ती अजून धड आहे का ते आधी बघत जा. आम्ही थकलो हे आम्हाला सांगता येत नाही. तुम्ही विचारता, आम्ही नुसत्या घसरतो, आणि तुम्हाला ते ‘हो’ वाटतं.