धुळीतली मोकळी वाट

लेकीचं लग्न तोंडावर आलं, तरी लाडक्याचं घोडं एकाच जागी अडलं होतं. थोरल्या बहिणीला, जिजाला, बोलावणं धाडायला तो तयार नव्हता. आयच्या दिवसकार्याला दोघं कडाकडा भांडली, तेव्हापासून जिजानं माहेरी, जामसरात पाऊल टाकलं नव्हतं. दिलेली पलीकडच्याच पाड्यावर, पण नाही म्हणजे नाही!

"ती आयलापण इसरली. तिचं नाव काढू नको," तो लेकीवर खेकसला.

"आत्या नसेल तर मी हळद लावून घेणार नाही," वर्षा म्हणाली. लेक कुणाची? बापाचीच! ती पुण्याला दुर्बिणीच्या फोटोंवर काम करायची. बापाचा राग उतरावा म्हणून तिनं लॅपटॉप पुढ्यात ठेवला. काळ्याभोर आभाळात धुळीचं मोठं कडं, मधोमध काळा ठिपका.

"मधला तारा मुद्दाम झाकलाय. दिव्याआड हात धरला की अंगण दिसतं ना, तसं. आणि ही बघ, धुळीत गोल मोकळी वाट."

"मग?"

"तिथं ग्रह फिरत असणार, बाबा. अजून कुणाला दिसला नाही. पण त्यानं फिरून फिरून धूळ साफ केलीय."

"दिसत नाही नि म्हणे आहे! वा गं शहाणे!" लाडक्या हसला. बऱ्याच दिवसांनी हसला बिचारा.

सकाळी तो आयला अक्षता द्यायला निघाला. पहिलं बोलावणं मेलेल्या माणसांना, अशी त्यांच्या घरची रीत. शिवेवरच्या ऐनाच्या झाडाखाली आयच्या नावाचा दगड होता. भांडणानंतर लाडक्याही तिकडे फिरकला नव्हता. राग बहिणीवर, आणि तोंड चुकवलं आयला!

ऐनाखाली घोटाभर पाला साचला होता. दगडाभोवती मात्र गोल वाट साफ, माती पायांनी गुळगुळीत झालेली. दगडापुढे मिस्रीची ताजी पुडी. आयला बापाला चोरून मिस्री आणून देणारी दोनच पोरं होती, तो आणि जिजा.

 तो मटकन खाली बसला आणि पोरासारखा रडला. मग उरलेल्या अक्षता मुठीत घेऊन त्यानं थेट जिजाचं दार गाठलं. ती नागली पाखडत होती.

"आयच्या दगडाभोवती पाला साफ दिसला," तो म्हणाला. त्यानं अक्षतांची मूठ पुढं केली.

"मेल्या, आता दिसला होय?" जिजानं सूप खाली ठेवलं. डोळे भरले होते, पण जीभ तीच. "आयला काय, हितनंपण हात जोडले असते. तू येशील म्हणून फिरत राहायचे रे मी तिथं."