ईनक लॅदमची गूजबेरी

रहस्यकथांमध्ये गावचा पोलीस हटकून गाढव असतो. लंडनहून कोणी शहाणा येतो, खुनी पकडतो, आणि आम्ही आपले सायकल धरून उभे. आमच्या हॅदर्बीत खूनच होत नाहीत, त्यामुळे शहाणेही फिरकत नाहीत. म्हणून त्या ऑगस्टात ईनक लॅदमची गूजबेरी चोरीला गेली, तेव्हा तपास माझ्याच गळ्यात पडला.

हसू नका. आमच्याकडे पोरं आपापली वाढतात, जपतात ती गूजबेरी, हे झुडपावरचं आवळ्याएवढं आंबट फळ. वर्षातून एकदा गावच्या पबमध्ये तराजू मांडतात आणि सगळ्यांत जड फळाला तांब्याची किटली देतात. ईनकने खाली साखरपाण्याची बशी ठेवून ठेवून एक फळ कोंबडीच्या अंड्याएवढं केलं होतं. वजनाच्या आदल्या सकाळी बघतो तर झुडपावर नुसता देठ.

"जेबेझनेच नेली!" ईनक कुंपणाकडे काठी रोखून ओरडत होता. "तू बघत काय उभा राहिलास, टॉम? घाल त्याला बेड्या!"

टॉम माझे वडील. तेही इथलेच पोलीस होते, पण त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मी वॉल्टर. रागाच्या भरात माणूस चुकतो, असं म्हणून मी सोडून दिलं.

कुंपणापलीकडे जेबेझ टनिक्लिफ पांढराफटक पडून उभा होता. दोघे शाळेपासूनचे मित्र. जेबेझला ना बायको ना मूल. होती ती गूजबेरीची झुडपं आणि ही स्पर्धा भरवणारा गूजबेरीवाल्यांचा क्लब. क्लबचा अध्यक्ष ग्रिमशॉ खाटीक तेवढ्यात येऊन सांगून गेला, की उद्यापर्यंत खरं काय ते कळलं नाही तर जेबेझचं नाव कायमचं कापलं जाईल.

"वॉल्टर," जेबेझ मला हळूच म्हणाला, "मी त्याच्या झुडपाला पाणी घातलंय, तो आजारी असताना. मी तोडेन?"

मी झुडपाशी गुडघे टेकले. वर छत्री बांधलेली होती. कोरड्या दिवसांनंतर एकदम पाऊस आला की फुगलेलं फळ फुटतं, म्हणून सगळेच बांधतात. रात्री तसाच पाऊस झाला होता. मी छत्रीखाली हात घातला, तर माती बाहेरच्याइतकीच ओली. म्हणजे पाऊस पडत होता तेव्हा छत्री नव्हतीच, ती मागाहून आली. उघड्यावर भिजलेली गूजबेरी फुटणार, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मग फुटकं फळ नेऊन वर छत्री बांधणारा हा चोर कोण?

"काल छत्री लावली होती ना?" मी ईनकला विचारलं.

"म्हणजे काय! जन्मात कधी विसरलोय?" तो म्हणाला. "चहा घेतोस का, टॉम?"

त्यानेच दिलेला चहाचा कप माझ्या हातात होता. कोणाची चूक झाकायला ती छत्री मागाहून आली, ते मला उमगलं.

मी स्वयंपाकघरात गेलो आणि दार लोटलं. त्याची बायको डॉर्कस कणीक तिंबत होती.

"मिसेस लॅदम, छत्री तुम्ही बांधलीत."

तिचे हात थांबले नाहीत. "पहाटे गेले तर छत्री भिंतीशी टेकलेली आणि गूजबेरी फुटून लोंबत होती. विसरला रे बाळा तो. परवा चर्चमधून घरचा रस्ता विसरला. त्याला कळतं सगळं. म्हणतो, डॉर्कस, गूजबेरीचं जमतंय तोवर मी शाबूत आहे. मग कुठल्या तोंडाने सांगू?"

"फळाचं काय केलंत?"

"खाल्लं. टाकलं असतं तर कोंबड्यांनी उकरून अंगणभर केलं असतं." आणि मग ती रडायलाच लागली. "पाणचट होतं मेलं! मला वाटलं, कोणी तरी नेलं म्हणेल, दोन दिवस चरफडेल. हा जेबेझचं नाव घेईल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं."

"उद्या त्याचं नाव कापतील. मला गप्प बसता येणार नाही."

"बसू नकोस. पण आधी मी सांगते, ज्याला सांगायला हवं त्याला."

एप्रनचं टोक डोळ्यांना लावत ती कुंपणातल्या फटीतून पलीकडे गेली. मी खिडकीतून पाहत होतो. ती बोलत होती, आणि जेबेझ हातातली टोपी नुसती फिरवत होता.

दुसऱ्या दिवशी पबमध्ये सगळं गाव होतं. ग्रिमशॉने विचारलं, कोणाला काही सांगायचंय का. मी उठणार, तोच जेबेझ उठला.

"मी तोडली," तो म्हणाला. "डोळ्यांत सलली म्हणून तोडली. एक मात्र लिहून घ्या. छत्री चोख बांधलेली होती. ईनकच्या कामात कसूर नव्हती."

"ऐकलंत?" ईनक टेबलावर मूठ आपटून म्हणाला. "बांधली होती मी! मी सांगत नव्हतो?" इतका आनंद मी त्याच्या तोंडावर किटली जिंकतानाही पाहिला नव्हता. डॉर्कस मान खाली घालून बसली होती. जेबेझचं नाव कापलं गेलं. मी कायद्याचा माणूस, आणि धडधडीत खोटा कबुलीजबाब ऐकून बिअरचा फेस बघत बसलो. जेबेझला माझ्या मदतीची गरज उरली नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात मी कुंपणाशी टेकून दोघांशी गप्पा मारत होतो. ईनकचं बरंच काही निसटलं होतं. जेबेझचं एक लालबुंद फळ पाहून तो म्हणाला, "यंदा किटली तुझी, गड्या!"

"मी वजनाला नेणारच नाही. नाव कापलंय माझं."

"कापलं? ते का?"

जेबेझने माझ्याकडे पाहिलं. "चोरी केली म्हणतात."

ईनकचा चेहरा लाल झाला. "तू? चोरी? कोण गाढव म्हणतो? शाळेपासून ओळखतो मी तुला! थांब, टोपी घालून येतो. एकेकाला बघतोच!"

तो खरंच तरातरा टोपी आणायला निघाला. जेबेझ कुंपण धरून उभा राहिला, आणि त्याच्या मिशीवरून पाणी ओघळायला लागलं.

"राहू दे, ईनक," तो म्हणाला. "तू म्हणालास ना, पुरे झालं मला."