मैनाबाईच्या डाव्या गालात

मित्रांनो, मी एक जुनी मूळपेशी आहे. घाबरू नका, मी चावत नाही; ते दातांचं काम. आर्णीजवळच्या एका खेड्यातल्या मैनाबाईच्या डाव्या गालात, आतल्या कातडीच्या अगदी तळाशी माझं घर. इथं बारा महिने अंधार.

माझं काम साधं होतं. वरच्या पेशी झिजल्या की नव्या जन्माला घालायच्या आणि पुन्हा निजायचं. लहानपणी मैनाबाईनं घाईघाईत गरम भाकर खाऊन गाल पोळून घेतला. सूज आली, त्या सुजेनं मला सांगावा धाडला, "ऊठ!" मी उठले, जखम भरली, सांगावा थांबला. कौतुक कुणी केलं नाही, पण मला बाई फार अभिमान वाटला.

मग खर्रा आला. कापूस वेचताना बाया सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटायच्या आणि चिमूट चिमूट वाटून घ्यायच्या. मैनाबाईची चिमूट नेहमी डाव्या गालात. कातडी सोलायची, मी उठायची. भरलं न भरलं तोच दुसरी चिमूट! पुढं तिखटानं गालाची आग व्हायला लागली. तेव्हा शेजारची वच्छलाबाई म्हणाली, "तिथंच ठेव वं खर्रा. सुन्न पडते, आग राहत नाही." झालं! जिथं भाजत होतं, नेमका तिथंच खर्रा बसू लागला.

वर्षानुवर्षं सुजेचा सांगावा थांबलाच नाही. ऊठ, वाढ, ऊठ, वाढ. झोप न मिळालेल्या माणसाचं डोकं फिरतं ना, तसं माझं झालं. त्यात खर्ऱ्याच्या विषानं माझ्या आतलं लिखाणच बिघडलं. थांबायचं कसं, हे मी विसरले. माझ्या लेकीही तशाच निपजल्या. आम्हाला मारायला आलेले शरीराचे शिपाईसुद्धा त्या गोंधळात आम्हालाच बळ देऊ लागले. आम्ही पेशी एकमेकींचे हात घट्ट धरून राहतो. त्याच सांगाव्यानं ते हात सुटले. हात सुटला की पेशी चालू लागते. माझी एक लेक मानेकडं निघाली. मी तिला अडवलं नाही. खरं सांगू? मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची मलाच भीती वाटली.

दिवाळीला मैनाबाईची मुलगी प्रेरणा घरी आली. ती यवतमाळला नर्सिंग शिकते. माय भाकर दुधात कुस्करून खाते, हे तिनं पाहिलं.

"माय, तीन बोटं उभी घाल बरं तोंडात."

"काही नाही झालं वं मले."

"मंग काहून लपवून राह्यली? घाल."

दोनच बोटं गेली, तोंड पुरतं उघडतच नव्हतं. प्रेरणानं मोबाइलचा टॉर्च लावला आणि मी जन्मात पहिल्यांदा उजेड पाहिला.

"कवापासून हाय हे, माय?"

"दोन वर्सं झाले असतीन," मैनाबाई म्हणाली आणि रडायला लागली.

डॉक्टरांनी गालाचा तुकडा काढून तपासला; कॅन्सर निघाला. उद्या ते मला कापून काढणार, मानेतल्या गाठीही काढून पाहणार. मी राहिले तर मैनाबाई जाईल, हे मला कळतं. तरी मला मरायचं नाही. मरणंही मी विसरले आहे.

म्हणून तुम्हालाच विनवते, मित्रांनो. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर तिला सुन्न करू नका, उजेडात दाखवा. माझी लेक मानेत पोचली की अजून वाटेतच आहे, मला ठाऊक नाही. मी इथून तिला हाका मारते आहे. ती ओ देत नाही.