डावी गिरकी

मी चष्म्याच्या काचा घासते. सुट्टीच्या दुपारी डोळ्यांना आराम द्यायचा सोडून संगणकावर खेळायला बसते. नवरा म्हणतो, "या वयात मारामाऱ्या?" मी कानाडोळा करते.

खेळातल्या त्या शहरात सूर्य उगवतच नाही. जांभळ्या दिव्यांखाली पाऊस पडत असतो, थेंब जमिनीला टेकायच्या आत विझतात, आणि उंच इमारतींमधल्या रिंगणात कुठकुठले अनोळखी लोक लोखंडी हातपाय लावून एकमेकांना बडवतात. शेवटी उरेल तो जिंकला. बोलायची सोय नाही, हे एक बरं.

त्या दुपारी दोघीच उरलो. मी आणि काचेचा मुखवटा घातलेली एक जण. मी हात उगारला. तिला उजवीकडे वळायचं होतं, तर ती डावीकडून अख्खी गिरकी घेऊन उजवीकडे आली.

माझा हात तसाच राहिला. असं वळणाऱ्या अख्ख्या जगात दोघीच, मी आणि माझी ताई. लहानपणी आमच्या कीबोर्डचं उजव्या बाणाचं बटण मोडलं होतं, आणि डावीकडून फिरत राहिलं की उजवी बाजू येतेच, हा शोध ताईचा. पुढे चांगले कीबोर्ड आले, खोड गेली नाही. तेव्हा मी हरले की भोकाड पसरायची, म्हणून ताई मुद्दाम हरायची आणि वर म्हणायची, पाय घसरला.

आईला कुणी सांभाळायचं यावरून आमचं वाजलं होतं. आई गेल्यावरही अबोला सुटला नाही. ताईच्या आवाजासाठी जीव तुटायचा, पण आधी फोन कोण करणार? दोघी एकापेक्षा एक हट्टी.

मीही डावीकडून गिरकी घेतली. मुखवटा थबकला. मग ती फिरली, मी फिरले, पुन्हा ती. मारायचं कुणी नाव घेईना. रिंगणाची जमीन मात्र कडेने विरघळत आत येत होती. एकीला पडावंच लागणार होतं, आणि पडली की ती पुन्हा कुठे सापडणार?

मी कडेकडे सरकले. ताई माझ्याआधी पोचली, एक पाऊल मागे टाकलं आणि अंधारात गेली. पडद्यावर माझा विजय झळकला आणि मला रडू फुटलं.

फोन वाजला.

"हे बघ, मी मुद्दाम नाही हरले," ताई म्हणाली. "पाय घसरला."

"लोखंडी पाय होते, ताई."

"मग? पाऊस नव्हता का?"